नरकचतुर्दशी ते त्रिपुरी पौर्णिमा : पेडणे-डिचोलीतील तंबूचे दिवस

ऑस्ट्रेलिया खंडाच्या कडेकडेने फिरणारा एक राजमार्ग आहे. त्याचा क्रमांक एक आणि लांबी सुमारे साडेचौदा हजार किलोमीटर. त्या देशातील कित्येक कुटुंबे गाडीमागे चाकांची एक खोली जोडून वर्ष-वर्षभर या मार्गाने खंडाची प्रदक्षिणा करतात. ठिकठिकाणी मुक्कामाची राखीव मैदाने, तेथे पाण्याचा नळ, न्हाणीघर, विजेची सोय. मुलांच्या शिक्षणाचीही फारशी चिंता नाही. कारण त्या विरळ वस्तीच्या देशात बिनतारी यंत्रावरून शाळा भरविण्याची प्रथा १९५१ साली सुरू झाली आणि दुरून शिकविण्याची रीत तेव्हापासून रुजलेली आहे. अशी वर्णने वाचली की आपल्याकडील गृहस्थाला वाटते, हे सुख काही आपल्या वाट्याचे नव्हे. आपल्याकडे रस्त्यावर मुक्काम करतो तो एक तर निराधार, नाही तर बैरागी!

पण थोडे मागे वळून पाहिले तर असा प्रवास आपल्याला अगदीच परका होता असे दिसत नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वी कुलदैवताच्या दर्शनाला निघणारी मंडळी बैलगाडीत शिधा, अंथरूण-पांघरूण आणि घरातील म्हातारी माणसे घालूनच निघत. संध्याकाळ झाली की ओढ्याकाठी गाडी सोडायची, तीन दगड मांडायचे आणि पिठले-भात शिजवायचा. आगगाडी आली, मागून उपाहारगृहे आली आणि ही विद्या आपण विसरलो. अलीकडे सरकारलाही तिची आठवण झालेली दिसते. महाराष्ट्राने २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. आम्ही मात्र धोरणाची वाट न पाहता, बडोद्याच्या शाळांना मिळणाऱ्या दिवाळीच्या तीन आठवड्यांच्या सुटीत, घरच्या आठ आसनी गाडीत दोन तंबू घातले आणि गोव्याची वाट धरली.

आम्ही एकंदर सहा जण. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आमच्या मातोश्री, आम्ही उभयता, धाकटे बंधू आणि दोन मुले. बेत ठरला तेव्हा पहिली हरकत आईनेच घेतली. “दिवाळीत घराला कुलूप? पणती लावायची कुठे?” हा तिचा प्रश्न साधा नव्हता. चार पिढ्यांपूर्वी गुजरातेत स्थायिक झालेल्या आमच्यासारख्या कुटुंबांनी आपले मराठीपण जपले ते मुख्यत्वे घराच्या चार भिंतींत. देव्हारा, फराळ, रांगोळी, पहाटेचे अभ्यंगस्नान यांतच. ते घरच बंद करून निघायचे, म्हणजे नेमके काय बरोबर न्यायचे आणि काय मागे ठेवायचे? या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळच नव्हते. शेवटी आईने पितळी निरांजन, वातींची डबी आणि उटण्याची पुडी आपल्या पिशवीत घातली व ती गाडीत बसली.

कोणता गोवा?

गोवा म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा आणि गिरिजाघरे उभी राहतात. आमचा ओढा मात्र उत्तरेकडील पेडणे आणि पूर्वेकडील डिचोली या दोन तालुक्यांकडे होता. मोटारीने धावायचे म्हटले तर हे दोन्ही तालुके एका दिवसात पालथे घालून होतील. आम्ही त्यांना सोळा दिवस दिले आणि ते थोडेच वाटले.

या भूभागाचा इतिहास किनाऱ्यावरील गोव्याहून वेगळा आहे. बारदेश, तिसवाडी आणि साष्टी हे तालुके पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकातच घेतले. तेथील देवळे पडली, देव नद्या ओलांडून गेले. डिचोली आणि पेडणे पोर्तुगिजांच्या ताब्यात आले ते १७८१ ते १७८८ या काळात, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. धर्मच्छळाचा जोर तोवर ओसरला होता. म्हणून या ‘नव्या काबिजादीं’त देवळे, कीर्तने, जत्रा आणि त्यांच्याबरोबर मराठी वाचन-लेखनाची परंपरा अखंड राहिली.

धनत्रयोदशीच्या सायंकाळी सावंतवाडी आणि बांदा मागे टाकून आम्ही पत्रादेवीपाशी गोव्यात शिरलो. आज येथे सीमा ओलांडताना काही जाणवतही नाही. पण १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच वाटेने निःशस्त्र सत्याग्रही आत शिरत होते आणि पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबचे तरुण कर्नेलसिंग बेनिपाल येथेच पडले. त्या दिवशी गोव्याच्या सरहद्दीवर ठिकठिकाणी मिळून वीसहून अधिक सत्याग्रही धारातीर्थी पडले. हुतात्म्यांच्या स्मारकापाशी गाडी थांबवून मुलांना आम्ही हे सांगितले. धाकट्याने विचारले, “पंजाबातून इतक्या दूर ते का आले?” उत्तर द्यायला आम्हांला थोडा वेळ लागला.

चूल कोठे मांडावी?

तंबूने प्रवास करणाऱ्याने आधी कायदा समजून घ्यावा. गाडीच्या आतील बाके काढून कायमच्या शय्या बसवायच्या तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. म्हणून आम्ही गाडीच्या रचनेला हातच लावला नाही. गाडी बसण्यासाठी आणि सामानासाठी, तंबू निजण्यासाठी, अशी सरळ वाटणी केली. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास आणि मद्यपानास २०१९ सालच्या दुरुस्तीपासून कायद्याने बंदी आहे. २०२५ मध्ये दंडही वाढविण्यात आला. बसगाड्या भरभरून येणारी मंडळी किनाऱ्यावर चुली पेटवीत आणि उष्टे-खरकटे वाळूत टाकून जात, त्याला आळा घालण्यासाठी हा कायदा झाला. तो आम्हांला मुळीच जाचक वाटला नाही.

मग शिजवायचे कोठे? याचे उत्तर गोव्याने शेकडो वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. देवळाच्या आवारातील अग्रशाळा! दूरदूर पांगलेली कुळे देवदर्शनाला आली की त्यांच्या राहण्याजेवण्यासाठी बांधलेल्या या ओवऱ्या आजही वापरात आहेत. जेथे अग्रशाळा नव्हती तेथे एखाद्या घरी जाऊन, रीतसर विचारून, अंगणाच्या कडेला तंबू ठोकायचा आणि त्यांच्याच पडवीत आपली शेगडी लावायची, हा आमचा क्रम राहिला. सोळा दिवसांत तीन ठिकाणी नकार मिळाला आणि एका किनाऱ्याच्या वाहनतळावरून रखवालदाराने रात्री उठविले. बाकी सगळीकडे पहिला शब्द ऐकला तो “येवा, बसा” हाच. आणि पैशांची गोष्ट काढताच यजमानांच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्याही सगळीकडेच!

पेडण्याजवळच्या अशाच एका अंगणात आमची नरकचतुर्दशी उजाडली. गोव्यात या रात्री गावोगाव नरकासुराच्या अवाढव्य प्रतिमा उभारतात आणि पहाटेपूर्वी त्या जाळतात. मुले रात्रभर जागी होती. पहाटे यजमानीणबाईंनी तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडायला लावले, आणि स्नाने उरकताच आमच्यापुढे पानात फोव आले. फोव म्हणजे पोहे. पण किती तऱ्हांचे! दुधातले, ताकातले, नारळाच्या रसात गूळ घालून केलेले, बटाट्याचे, आणि जोडीला आंबाड्याचे सासव. आईने पिशवीतून निरांजन काढले आणि यजमानीणबाईंना विचारून त्यांच्या तुळशीवृंदावनापाशी लावले. त्यानंतर ‘पणती कुठे लावायची’ हा प्रश्न तिने पुन्हा काढला नाही.

किनारा, किल्ला आणि कासवे

पुढील आठवडा पेडणे तालुक्यात गेला. पेडणे गावातील श्रीभगवतीच्या देवळापुढे दोन भव्य पाषाणी हत्ती उभे आहेत. मुलांनी त्यांना प्रदक्षिणा घातल्या, आईने देवीला. हळर्णचा किल्ला नदीच्या काठी झाडीत दडलेला आहे. तो १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने जिंकला आणि त्याबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्याला या छोट्याशा गावाच्या नावाची मार्किसची पदवी दिली. त्याच साली तेरेखोलचा किल्लाही भोसल्यांच्या हातून गेला. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर गोव्याचा एवढाच तुकडा आहे. केरीहून फेरीबोटीवर गाडी चढवून आम्ही पलीकडे गेलो. समुद्र, नदी आणि डोंगर एकाच वेळी दृष्टीस पडावेत अशी ती जागा आहे. हरमलला समुद्रापासून चार पावलांवर गोड्या पाण्याचे तळे पाहून आईला नवल वाटले. तिला अधिक आवडली ती मात्र बाजारातील हरमलची मिरची, जिला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दोन शेर मिरची गाडीत चढली आणि पुढचे सर्व दिवस गाडीत शिंकांचा पाऊस पडत राहिला.

मोरजी आणि मांद्रे यांच्या वाळूवर तंबू ठोकण्याचा मोह मुलांना फार झाला. आम्ही तो मोडून काढला, आणि त्याचे कारण सांगितले पाहिजे. नोव्हेंबरपासून पुढे ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री या किनाऱ्यांवर येतात. वाळूत खळगा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात ती उजेडाच्या रोखाने धावतात. कारण काळोख्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ दिसतो तो समुद्रच. तेथे कंदील असला, उपाहारगृहाचे दिवे असले की ती उलट दिशेने चालू लागतात आणि मरतात. मोरजीला १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गावकऱ्यांच्या आणि वनखात्याच्या देखरेखीखाली ही घरटी राखली जातात. आमचा तंबू म्हणजे वाळूवरचा आणखी एक दिवा झाला असता. तो आत गावात, नारळीच्या बागेत ठोकला आणि किनाऱ्यावर रात्री दिव्याविना फिरलो. एकही कासव दिसले नाही. पण चांदण्यांनी भरलेले आकाश आमच्या मुलांनी त्या रात्री प्रथमच पाहिले.

मोपाच्या सड्याकडे मात्र रात्री आकाश उजळलेले असते. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. त्यासाठी सड्यावरील धनगर कुटुंबांना आपल्या पिढीजात जागा सोडाव्या लागल्या. विमानाने येणाऱ्याला पेडणे आता जवळ आले आहे. ते दिसते किती, हा प्रश्न निराळा.

घरात एक, देवळात एक

मुलांनी या दिवसांत एक वही घातली होती. तीत रोज नवे शब्द उतरत. त्यांतील पहिला शब्द ‘उदक’. आमच्या घरी हा शब्द पूजेत आणि श्राद्धातच ऐकू यायचा. येथे दुपारी उन्हातून आलेल्या माणसाला पहिल्याने विचारतात ते ‘उदक’! घराघरांतून बोलतात ती कोकणी, पेडण्याच्या बाजूला मालवणीच्या अगदी जवळची. पण संध्याकाळी देवळात टाळ वाजू लागले की अभंग मराठी, कीर्तन मराठी. ओटीवर उघडलेले वर्तमानपत्र बहुधा मराठी. रात्रीचे नाटक मराठी. घरातील बोली आणि सार्वजनिक जीवनाची भाषा यांचा हा संसार येथे शतकानुशतके चालत आला आहे. त्यावरून वादही पुष्कळ झाले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने स्वतंत्र राहण्याचे ठरविले, तेव्हाही हे तालुके विलीनीकरणाचे बालेकिल्ले होते. १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापरालाही त्यातच मान्यता मिळाली. त्या वादात शिरण्याचे आम्हां पाहुण्यांना प्रयोजन नाही. आम्हांला भावली ती त्यातील उलटापालट. बडोद्यात आमची मराठी उंबऱ्याच्या आत राहते आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की गुजराती सुरू होते; पेडणे-डिचोलीत कोकणी उंबऱ्याच्या आत आणि मराठी अंगणापलीकडे. एका घरात दोन भाषा सुखाने नांदतात, एकीमुळे दुसरी उणावत नाही, हे आमच्या मुलांनी येथे कोणी न शिकविता पाहिले. आमच्यासारख्या परप्रांतस्थ कुटुंबांना यापरता मोठा दिलासा कोणता?

मयेच्या अंगणात

कार्तिक शुद्ध दशमीला आम्ही डिचोलीकडे वळलो. वाटेत लाल मातीचे कापलेले डोंगर दिसू लागले. लोहखनिजाच्या खाणी २०१२ साली थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी पट्टे रद्द केले आणि २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. कोणाला त्यात पोटापाण्याची आशा दिसते, तर कोणाला विहिरीच्या आणि शेताच्या पाण्याचे भय वाटते. एकाच ओटीवर बसलेल्या दोघा भावांकडून आम्ही ही दोन्ही मते ऐकली.

बुधवारच्या डिचोलीच्या बाजारातून अळसांदे, उकडे तांदूळ आणि केळी घेऊन आम्ही मयेला पोहोचलो. डोंगरांच्या कुशीतील मयेचे तळे पुष्कळांना ठाऊक असते. मयेच्या घरांची गोष्ट मात्र बाहेर थोड्यांना ठाऊक आहे. हा सारा गाव पोर्तुगीज अमदानीत एका सरदार घराण्याच्या मालकीचा होता. १९६१ साली गोवा मुक्त झाला, मालक निघून गेले आणि जमीन ‘स्थलांतरितांची मालमत्ता’ म्हणून सरकारी अभिरक्षकाकडे गेली. पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, कसणारी माणसे तेथेच राहिली. पण पायाखालची जमीन कागदोपत्री त्यांची नव्हती. दीर्घ लढ्यानंतर २०१४ मध्ये विधानसभेने कायदा केला आणि पुढे सनदा मिळू लागल्या.

ज्यांच्या अंगणात आम्ही उतरलो ते वृद्ध गृहस्थ तंबूचे खुंटे ठोकताना शांतपणे पाहत होते. मग म्हणाले, “तुमचे बरे. चार खुंटे उपटले की मोकळे. आम्ही तुळशीवृंदावन बांधले तेव्हाही मनात यायचे, की हे बांधतो आहोत ते कोणाच्या भूमीवर?” आम्ही हौसेने पंधरा दिवस घराविना राहत होतो, ते मात्र घरात राहूनही कित्येक वर्षे घराविना होते. आमच्या सहलीतील सारा डौल त्या एका वाक्याने उतरला.

द्वादशीच्या संध्याकाळी त्याच वृंदावनाभोवती ऊस उभे राहिले, चिंच-आवळे बांधले गेले. तुळशीच्या लग्नाला येथे ‘व्हडली दिवाळी’, म्हणजे मोठी दिवाळी म्हणतात. अंतरपाट धरण्याचा मान आमच्या मुलांना मिळाला आणि मंगलाष्टके म्हणण्याचा आईला. बडोद्यात घोकलेली तिची मंगलाष्टके तेथील बायकांनाही पाठ होती. आवाजात आवाज मिसळले आणि चाल कोठे वेगळी पडली तर दोन्हीकडच्या बायका हसल्या.

खरे फिरस्ते

तुळशीविवाहानंतर देवळांच्या जत्रांचा आणि दशावताराचा हंगाम सुरू होतो. गोव्यात त्याला ‘धयकालो’, म्हणजे दहीकाला, म्हणतात. एका गावी दुपारीच मंडळाचा टेम्पो देवळापाशी लागला. पेटारे उतरले. त्यांतच त्यांचा गणपती असतो. आधी त्याची पूजा, मग रंगरंगोटी. पूर्वी हे पेटारे डोक्यावर घेऊन मंडळी रानवाटा तुडवीत, आता वाहन आले एवढाच फरक. एक पडदा, एक बाक, पेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत पुराण उभे राहते. लिहिलेली संहिता नसते; कथानक ठरवून घ्यायचे आणि संवाद ज्याने त्याने आपल्या बुद्धीने रचायचे. पहाटे दहीहंडी फुटली, तासाभरात पेटारे बांधले गेले, आणि मंडळी पुढच्या गावाला निघाली. आज येथे, उद्या तेथे, असे त्यांचे पुढील कित्येक महिने जातात. त्यांच्यापुढे आमचा तंबू म्हणजे भातुकलीच!

नार्व्याचे श्रीसप्तकोटीश्वर हे तर फिरस्त्या देवाचेच स्थान. गोव्याच्या कदंब राजांचे हे दैवत मूळचे दिवाडी बेटावरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडले. लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या हद्दीत आणले गेले. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली. शके १५९० च्या कार्तिक वद्य पंचमीची तसा उल्लेख करणारी शिला दारावर आहे. राज्य सरकारने केलेल्या नव्या जीर्णोद्धारानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुले झाले. देवालाही घर सोडावे लागले आणि नव्या जागी त्याचा संसार पुन्हा मांडला गेला, हे ऐकून आई बराच वेळ नंदीपाशी बसून राहिली.

शेवटचा मुक्काम साखळीला. हरवळ्याची जांभ्या दगडात खोदलेली लेणी आणि पाऊस सरल्यावरही जोमाने कोसळणारा धबधबा सकाळी पाहून घेतला. संध्याकाळी त्रिपुरी पौर्णिमेला विठ्ठलापुरात वाळवंटी नदीच्या काठी माणसांचा पूर लोटला होता. त्रिपुरासुराचा वध झाला आणि मग हातांनी घडविलेल्या, सजविलेल्या, दिव्यांनी उजळलेल्या होड्या पाण्यात सोडल्या जाऊ लागल्या.

ज्या वाचकांना अशा प्रवासाची इच्छा होईल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. तंबू जमिनीवर ठोकण्याआधी त्या जमिनीच्या धन्याला विचारावे. पावसाळा नुकताच सरलेला असतो, गवतात फुरसे असते; तंबूची साखळी दिवसाही बंद ठेवावी आणि पायताण झटकून घालावे. कचऱ्याची पिशवी बरोबर न्यावी. देवळाच्या आवारात त्या देवस्थानचा खाण्यापिण्याचा नियम पाळावा. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटरांपेक्षा अधिक चालू नये. आणि घरातील वृद्ध माणसाला मागे ठेवू नये. अनोळखी अंगणाचे दार त्यांच्या एका शब्दाने उघडते, ते आपल्या दहा शब्दांनी उघडत नाही.

निरोप घेताना प्रत्येक घरी आमच्या तोंडून ‘आभारी आहोत’ यायचे आणि समोरून ‘देव बरें करूं’ यायचे. मुलांच्या वहीतील शेवटची नोंद तीच आहे. आता आमच्या घरीही कोणी पाण्याचा पेला हाती दिला की मुले तेच म्हणतात, आणि आई ते ऐकून मान डोलावते.